वीस मिनिटं

पगारपत्रकावर एमलिनचा हुद्दा काहीतरी लांबलचक आहे,
पण काम पाथरवटाचंच.
हेलिकॉप्टरनं पोत्यांतून आणून टाकलेले दगड
पहारेनं हलवायचे, उलटवायचे, वेल्श शिव्या घालायच्या,
आणि पायवाटेत उभे गाडायचे,
तोंड वर, बूड खोल.
"दगडाचा बारा आणे भाग मातीत हवा," असं काहीसं तो म्हणाला,
"उरलेला लोकांचा."

लोक. शनिवारी सकाळी सातलाच गाडीतळ भरलेला.
कोऱ्या बुटांचे, चॉकलेटचे, ओल्या कुत्र्यांचे लोक,
लग्नाआधी मित्रांनी कोंबड्याच्या पिवळ्या पोशाखात
वर ढकलत आणलेला एक नवरामुलगा,
आणि सगळ्यांचा चालता चालता एकच प्रश्न:
अजून किती राहिलं?
वीस मिनिटं, एमलिन सांगतो.
तळ्यापाशीही वीस, कड्याखालीही वीस.
वडील सांगायचे तेही वीसच.

पाटीवर डोंगराचं जुनं नाव आता पुढे आलंय.
अर विद्वा.
मला ते ऐकू आलं आमच्याकडच्या एका शब्दासारखं,
कपाळ पुसल्यासारखं.
मी गप्प राहून अर्थ विचारला.
थडगं, तो म्हणाला. एका राक्षसाचं.
हरलेल्या राजांच्या दाढ्यांचा झगा शिवला होता त्यानं,
एक ठिगळ कमी पडलं
म्हणून आणखी एका राजाची दाढी मागायला गेला
आणि तिथेच आटोपला.
मग लोकांनी त्याच्यावर दगड रचले.
"म्हणजे बघा, या डोंगरावरचं पहिलं काम
आमच्याच खात्याचं."

खालच्या तळ्याकाठी चार भिंती आहेत, छप्पर नाही.
वाऱ्याला आडोसा म्हणून लोक तिथे सँडविच खातात.
खाणकामगारांची ती बराक.
सोमवारी पहाटे यायचे, शनिवारी उतरायचे,
आठवड्याची शिदोरी पाठीवर:
ओटच्या भाकऱ्या, चहाची पुडी,
फडक्यात बांधलेला लोण्याचा गोळा, जो बुधवारपर्यंत खवट व्हायचा.
तांबं थोडं निघायचं, पाणी फार.
वरच्या तळ्यातून तराफ्यानं माल न्यायचे.
एकदा घोडा बुडाला, तेव्हा कंपनीनं
तळ्याच्या मधून बांध घातला.
घोड्याला किंमत होती, एमलिन म्हणतो,
आणि पुढचं बोलत नाही.

बोलतो. पण दगड बसवून झाल्यावर.
त्याचा खापरपणजोबा रोलंट याच वाटेनं जायचा.
एका शनिवारी घरी त्याची पिशवी तेवढी आली,
आत दीड भाकरी.
मारेदनं ती रविवारी मुलांना वाटली, स्वतः नाही खाल्ली.
सोमवारी थोरल्याच्या पाठीवर तीच पिशवी.
तो अकरा वर्षांचा होता.

तेव्हा मी त्याला सांगितलं,
डोंगराचं नाव आमच्या कानांना काय वाटतं ते.
तो पहारेवर रेलून राहिला.
ढग खाली आला होता, वाट दहा पावलांवर संपत होती,
कुठूनतरी मेंढी खोकल्यासारखी ओरडली.
"पाटीवर जागा नाही उरलेली," तो म्हणाला.

मी शिखरावर गेलेच नाही.
तिथे म्हणे फोटोसाठी चाळीस मिनिटांची रांग होती.

दुपारी नवा खड्डा खणताना पहारेला काहीतरी लागलं.
बुटाचा खिळा, चौकोनी डोक्याचा, गंजून बोराएवढा झालेला.
एमलिननं तो अंगठ्यानं पुसला,
जिभेवर ठेवून पाहिला, का ते विचारलं नाही मी,
आणि होता तिथेच परत ठेवला.
तेवढ्यात नवरामुलगा उतरत आला,
भिजून निम्मा झालेला, शेपटी हातात घेऊन.
त्यानं काही विचारलं नाही.
तो गेला त्या वाटेवर एक पिवळं पीस चिकटून राहिलं होतं,
नायलॉनचं, झगझगीत.
एमलिननं ते उचललं,
खिळ्याशेजारी आडवं ठेवलं,
वर दगड सरकवला, तोंड वर, बूड खोल,
आणि त्यावर उभा राहून दोनदा उडी मारली.
हलला नाही.